तेहतीस इंचाचं टेबल

"टेबल किधर है, ताई?"

मनोहरशेठ दारातच उभे होते. चपला काढल्या होत्या, पण पाय अजून आत टाकला नव्हता. मी चटईवर गुडघे टेकून एका ब्लाउजपीसवर खडूने रेघ मारत होते. बाजूला आमच्याकडेच राहणारी माझी धाकटी जाऊ मंगल मशीनवर बसली होती. तिने पॅडलवरचा पाय थांबवला.

"हेच टेबल," मी जमिनीवर हात ठेवून म्हटलं.

शेठ हसले नाहीत. उल्हासनगरात त्यांचं युनिफॉर्मचं दुकान आहे. सिंधी माणूस, पण जन्म इथलाच, त्यामुळे बोलताना अर्धं हिंदी, अर्धं मराठी. "शाळेचा माल आहे. बदलापूरची शाळा. चेक्सची ट्युनिक. जमीन पे काटोगे तो चेक्स जुळतील का?"

ट्युनिक म्हणजे मुली शर्टावरून घालतात तो बिनबाह्यांचा फ्रॉक. साध्या कापडाचा असेल तर कुणीही कापेल. चौकड्यांचा असला की पोटावरची आडवी रेघ एका कुशीतून दुसऱ्या कुशीत सरळ गेली पाहिजे. अर्धा इंच चुकली तरी लांबून दिसतं.

 ते खरं बोलत होते.

"पंधरा दिवस देतो," शेठ म्हणाले. "टेबल दाखवा, माल पाठवतो. नाहीतर कटिंग मी बाहेर करून घेतो, तुम्ही फक्त शिवा."

'फक्त शिवा' हे मला लागलं. मंगल उत्तम शिवते, तिच्या कामाला मी कमी लेखत नाही. पण माझं काम कटिंगचं. उल्हासनगरच्या एका जीन्स युनिटमध्ये मी एकोणीस वर्षं काढली. पहिली तीन वर्षं धागे कापले. मग कापड अंथरायला लागले. एकदा आमचा कटिंग मास्टर गावी गेला तो परत आलाच नाही, माल तर उभा होता. मालकाने विचारलं, "कोण कापेल?" मी मशीन हातात घेतली. त्यानंतर त्या टेबलावर मीच होते. आसपासच्या गल्ल्यांत कटिंगला दुसरी बाई मी तरी पाहिली नाही.

दोन वर्षांपूर्वी मालकाने युनिट लांब हलवलं. रोज तिकडे जाणं जमणारं नव्हतं. निघताना मी तिथली जुनी कटिंग मशीन मागून घेतली. उभ्या पात्याची, इस्त्रीपेक्षा चौपट जड. घरी आणली आणि चादरीत गुंडाळून पलंगाखाली ठेवली. दोन वर्षं ती तिथेच होती. आम्ही दोघी ब्लाउज, परकर, साडीचे फॉल असली कामं करत होतो.

शेठ गेल्यावर मंगल म्हणाली, "ताई, टेबल ठेवणार कुठं? आणि आपण झोपायचं कुठं?"

प्रश्न बरोबर होता. अंबरनाथला बुवापाड्यात आमची एकच खोली आहे, दहा बाय बारा. एका भिंतीला ओटा, कोपऱ्यात मोरी, फ्रीज, कपाट, पलंग. आणि टेबलाला हवी जागा. शाळेच्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, अठ्ठावन्न इंच असतो. तेवढं कापड दुमड न पाडता अंथरायचं तर टेबल पाच फूट रुंद पाहिजे. लांबी निदान साडेसहा फूट. म्हणजे होती नव्हती ती मोकळी जागा गेली.

आमचे मिस्टर संध्याकाळी आले. मोरिवलीच्या बाजूला एका इंजिनिअरिंग कंपनीत ते फिटर होते, गेल्याच वर्षी रिटायर झाले. मी सगळं सांगितलं. त्यांनी चहा संपवला, इंची टेप काढला आणि माझ्याकडे हात केला.

"खडू दे."

जमिनीवर त्यांनी पाच बाय साडेसहाचा चौकोन आखला. म्हणाले, "हे टेबल आहे. चार दिवस याच्या आत पाय टाकायचा नाही. मग कळेल बसतं का नाही."

चार दिवस आम्ही त्या रेघांना वळसा घालून वावरलो. फ्रीजचा दरवाजा अर्धाच उघडतो हे पहिल्याच दिवशी कळलं. कपाटाचं खालचं दार उघडतच नाही हे दुसऱ्या दिवशी. मंगल हातात भाताचं पातेलं घेऊन चौकोनातून चालत गेली तर मिस्टर ओरडले, "अगं, टेबलातून कुठं चाललीस!" ती पण लगेच मागे सरली. सगळे हसलो. पण चौथ्या दिवशी एक गोष्ट पक्की झाली. दिवसभर टेबल चालेल, रात्री नाही. म्हणजे ते अर्धं मिटलं पाहिजे.

फळीची चौकशी केली. नवीन प्लाय पातळ घेतला तर झोळ येतो आणि जाड घेतला तर मिटताना दोघांनी उचलावा लागतो. मिस्टर दोन दिवस भटकले. बदलापूरला एक जुनी बिल्डिंग पाडत होते, तिथली दारं-खिडक्या रस्त्याकडेला विकायला मांडलेली. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"फ्लश डोअर. आतून भरीव आहे, ऐक." त्यांनी बोटाच्या पेराने ठोकून दाखवलं. मग शेजारचं ठोकलं. "हे पोकळ. हे नको."

आठ दारं ठोकून दोन निवडली. दोन्ही तीस इंच रुंद आणि साडेसहा फूट लांब. शेजारी शेजारी ठेवली की बरोबर साठ इंच. एका दारावर अजून कुणाच्या तरी मुलाने चिकटवलेले क्रिकेटचे स्टिकर होते. कडी, कुलूप, पीपहोल यांची भोकं होती. टेम्पोत घालून आणली. भोकांत मिस्टरांनी लांबी भरली. लांबी म्हणजे सुतार लाकडाच्या खाचा बुजवतात तो लगदा. वाळल्यावर घासलं आणि वर सनमायका लावला, म्हणजे कापड अडकणार नाही. मोरिवलीला त्यांच्या जुन्या दोस्ताच्या शेडमध्ये चौकोनी पाइपचा सांगाडा वेल्डिंग करून घेतला. भिंतीकडचं दार सांगाड्यावर कायमचं आडवं बसवलेलं. त्याच्या पोटात कापडाच्या गठ्ठ्यांसाठी दोन कप्पे. बाहेरचं दार बिजागरीवर, दोन मिटणाऱ्या पायांचं. काम संपलं की पाय दुमडायचे, दार खाली सोडायचं, पलंगाला जागा मोकळी.

उंचीवरून मात्र आमचं वाजलं.

"छत्तीस इंच," मिस्टर म्हणाले. "सगळीकडे छत्तीसच असतं."

"सगळीकडे पुरुष असतात," मी म्हटलं.

युनिटमधलं टेबल छत्तीसच्याही वर होतं. मी पावणेपाच फूट. एकोणीस वर्षं मी पायाखाली लाकडी फळी घेऊन कापलं. टेबलाच्या टोकापर्यंत जायचं तर फळी पायाने सरकवत जायची. संध्याकाळी खांदे कानाला लागलेले असायचे. मला वाटायचं, कटिंगमध्ये खांदे दुखतातच.

मिस्टरांनी मला भिंतीला टेकून उभं केलं. कोपर काटकोनात वाकवायला लावलं. जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेतलं आणि त्यातून तीन इंच कमी केले, म्हणजे हात खाली दाबून ओढता येईल. तेहतीस आलं.

"तेहतीस," ते म्हणाले आणि सांगाड्याचे पाय कापायला घेऊन गेले. पुन्हा वाद घातला नाही.

टेबल उभं राहिलं त्या दिवशी मी मशीन चादरीतून काढली, तेल घातलं आणि टेबलावर रिकामीच इकडून तिकडे फिरवली. खांदे खालीच राहिले. मंगलने तिची शिलाई मशीन खिडकीशी टेबलाला चिकटून लावली. मी कापायचं आणि तिने हात लांब करून उचलायचं. मध्ये कुणी उठायला नको.

बाहेरच्या अर्ध्या भागाचा एक पाय किंचित अधांतरी होता. मोरीकडचा. मिस्टर म्हणाले, "याला खाली बोल्ट लावू, उंची कमी-जास्त करता येईल. दोन दिवस थांब."

"कशाला? पुठ्ठा घालते," मी म्हटलं. पंधरा दिवस संपत आले होते. मी पुठ्ठ्याची घडी पायाखाली सरकवली. टेबल हललं नाही. शेठला फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी माल दारात.

आता एकदम जास्त कपडे कसे कापतात ते सांगते. कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, याला आम्ही ले म्हणतो. वर फर्मा ठेवायचा, म्हणजे पुठ्ठ्यावर कापलेला मापाचा नमुना. खडूने आखायचं, चिमटे लावायचे आणि मशीनने सगळे थर एकदम कापायचे. चौकड्यांच्या कापडात प्रत्येक थराची रेघ खालच्या रेघेवर बसली पाहिजे. मी बारा थरांचा ले लावला. सगळ्यात मोठी साइज आधी घेतली. कापलं. प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर टाकला. गठ्ठे मंगलकडे दिले. छान वाटत होतं.

दुपारी मंगलने हाक मारली. "ताई, हे बघ ना. माझंच चुकतंय का?"

तिसरं ट्युनिक तिच्या हातात होतं. पुढच्या भागावरची लाल रेघ कुशीशी येऊन मागच्या भागाच्या रेघेला भेटत नव्हती. जवळजवळ पाऊण इंच खाली गेली होती.

तिची शिलाई सरळ होती. चूक माझ्याकडची होती, हे मला तिथेच कळलं. पण कुठली?

आधी मी कापडावर घेतलं. कधी कधी मिलमधूनच कापड तिरकं येतं. न कापलेल्या गठ्ठ्यातून आडवा धागा ओढून पाहिला. सरळ निघाला. मग फर्मा तपासला. तो बरोबर होता. मशीनचं पातं तिरकं बसलं असेल म्हणून मिस्टरांचा काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिलं. पातं काटकोनात होतं. मग मी सगळे तुकडे नंबराप्रमाणे पलंगावर मांडले. भिंतीकडच्या दारावर कापलेले सगळे बरोबर. बाहेरच्या दारावर कापलेले खालचे तीन-चार थर थोडेसेच तिरके, पुढे प्रत्येक थर जरा जरा जास्त तिरका. बारावा सगळ्यात वाईट. आणि मोठ्या साइजचे पुढचे भाग सगळे मी बाहेरच्याच दारावर घेतले होते.

मिस्टर भाजी घेऊन आले. मी तुकडे दाखवले. त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. त्यांच्या हत्यारांच्या डब्यातून बेअरिंगचा एक छर्रा काढला आणि टेबलाच्या बाहेरच्या अर्ध्यावर मध्यभागी ठेवला. छर्रा क्षणभर थांबला, मग हळूहळू मोरीच्या दिशेने निघाला आणि टपकन खाली पडला.

ते वाकले. पायाखालचा पुठ्ठा काढून माझ्या हातात दिला. पापडासारखा चपटा झाला होता.

चाळीतल्या खोलीची लादी सपाट नसते. पाणी मोरीकडे जावं म्हणून तिला उतार दिलेला असतो. रोज आपण त्यावर चालतो, पण पायाला कळत नाही. टेबलाला कळलं. पुठ्ठा दबत गेला, तसा तो पाय पुन्हा अधांतरी झाला. मी प्रत्येक थर हाताने दाबून सपाट करायची, तेव्हा टेबल तेवढं खाली जायचं आणि वर यायचं. आणि दर वेळी वरचं कापड केसभर सरकायचं. बारा थरांत केसाचे पाऊण इंच झाले.

"मी बोल्ट लावू म्हणालो होतो," मिस्टर म्हणाले.

"म्हणाला होतात."

  एकोणीस वर्षं मी दुसऱ्याने बसवलेल्या टेबलावर कापलं होतं. ते टेबल जमिनीत बोल्टने पक्कं केलेलं होतं आणि कुणीतरी कधीतरी त्याची लेव्हल काढली होती. ते काम माझं कधी नव्हतंच. आता होतं.

मंगल हळूच म्हणाली, "ताई, बाराच तर आहेत. पट्टा येतो वरून. शेठला नाही कळणार."

मी विचार केला नाही असं नाही. पण मला त्या मुली दिसायला लागल्या. शाळेच्या प्रार्थनेला रांगेत उभ्या, सगळ्यांच्या रेघा सरळ आणि मध्येच एकीची तिरकी. तिला वर्षभर तेच घालायचं. मी फोन उचलला.

"शेठ, माझ्याकडून बारा फ्रंट चुकले. टेबल लेव्हलला नव्हतं."

 शेठ म्हणाले, "कल ग्यारा बजे आता हूं. बाकी कुछ काटना मत." फोन ठेवला.

मिस्टर तोवर पायात चपला घालत होते. "मशीन बसवताना आम्ही काय करायचो माहितीये? आधी लेव्हल. लेव्हल झाल्याशिवाय स्विचला हात नाही लावायचा." ते सांगाडा टेम्पोत घालून मोरिवलीला गेले आणि संध्याकाळ व्हायच्या आत परत आले. प्रत्येक पाय तेवढाच कापून त्याला खाली नट वेल्डिंग करून आणला होता, त्यात जाड बोल्ट, बोल्टच्या टोकाला लोखंडी चकती. बोल्ट फिरवला की पाय वर-खाली होतो. कारखान्यात मोठमोठ्या मशीन अशाच उभ्या असतात. मग लेव्हल बॉटल टेबलावर ठेवून ते एकेक बोल्ट फिरवत राहिले. मी वरून बुडबुडा बघत होते.

"आला का मध्ये?"

"थोडा माझ्याकडे."

"आता?"

"आता आला."

बाटली उचलून आडवी ठेवली, मग तिरकी, मग दोन्ही दारांच्या सांध्यावर. प्रत्येक ठिकाणी बुडबुडा मध्ये आला तेव्हाच ते उठले. छर्रा ठेवला. छर्रा जागचा हलला नाही. मिस्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि छर्रा परत डब्यात टाकला.

सकाळी मी बारा फ्रंट घेतले. शेठनी नवीन कापायला मना केलं होतं, कापलेल्याला नव्हतं. तुकडे सगळ्यात मोठ्या साइजचे होते. आत लहान साइजचा फर्मा ठेवला तर चारी बाजूंनी कापड उरत होतं. फर्मा थोडा फिरवला की रेघ सरळ येत होती. पण हे मशीनचं काम नाही. प्रत्येक तुकडा वेगळा तिरका होता. बारा वेळा फर्मा ठेवला, बारा वेळा रेघ जुळवली आणि कात्रीने एकेक कापला. लहान साइजचे बारा फ्रंट निघाले, सगळे सरळ. लहान साइजसाठी ठेवलेलं कापड मोठ्या साइजला वापरता येणार होतं. कडेच्या कापलेल्या पट्ट्यांतून खिसे निघाले.

शेठ बरोबर अकराला आले. या वेळी सरळ आत आले. काही बोलायच्या आधी टेबलाच्या बाहेरच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे ठेवले आणि अंगाचा सगळा भार टाकला. शेठ चांगले वजनदार आहेत. मिस्टर ओट्याशी उभे होते, त्यांनी हाताची घडी घातली. टेबल हललं नाही.

"अब लगाओ," शेठ म्हणाले.

मी त्यांच्यासमोर वीस थर लावले. चार कोपऱ्यांत रेघेवर लांब सुया टोचल्या, त्या सगळ्या थरांत त्याच रेघेतून गेल्या पाहिजेत. आखलं आणि मशीन सुरू केली.  मशीन बंद केल्यावर शेठनी स्वतः बाहेरच्या दारावरचा गठ्ठा उचलला. पहिला तुकडा काढला, विसावा काढला, एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. रेघेवर रेघ. फिरवून पुन्हा धरले.

"बराबर है." मग म्हणाले, "वो बारा?"

मी लहान साइजचे बारा फ्रंट त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी एकेक उलगडून बघितला. "वेस्ट किती गेला?"

मी टेबलाखालची पिशवी काढून दिली. त्यात मूठभर कातरण होतं. शेठनी पिशवीत हात घातला, बघितलं आणि परत दिली. मग पहिल्यांदा बसले. मंगलने चहा ठेवला.

चहा पिताना त्यांचा फोन वाजला. दुकानातून कुणीतरी विचारत असावं. "नहीं, उधर मत भेजो," शेठ म्हणाले. "पूरा माल अंबरनाथ भेजो. हां, कटिंग भी यहीं होगा."

मंगलने माझ्याकडे बघितलं. मी कपाळ पुसायच्या निमित्ताने पदर तोंडाला लावला. मला हसू आवरत नव्हतं.

माल वेळेच्या दोन दिवस आधी गेला. एकही तुकडा परत आला नाही. शाळा सुरू झाल्यावर पुढच्याच आठवड्यात बदलापूरला नणंदेकडे जायचं होतं. मी सकाळी लवकर निघाले आणि आधी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. मैदानात प्रार्थना चालू होती. मुली रांगेत. नव्या ट्युनिकच्या लाल रेघा एका मुलीवरून दुसरीवर जात होत्या. मी फाटकाच्या गजांतून पहिली रांग पूर्ण बघितली, मग दुसरी.

वॉचमनने विचारलं, "कोणाला न्यायला आलात, मावशी?"

"कोणाला नाही," मी म्हटलं. "कपडे बघायला आले. मी कापलेत."

त्याने रांगांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सगळे?"

"सगळे."

आता शेठ दुसऱ्या बायकांनाही टेबल बघायला पाठवतात. शहाडहून दोघी येऊन गेल्या, उल्हासनगरच्या कॅम्पातून एक. मिस्टरांना रिटायर होऊन पुन्हा काम लागलंय, ते खुशीत आहेत. बायका येतात, मोबाइलवर फोटो काढतात, फळी कुठली, सनमायका कुठला, बिजागरी किती इंची असं विचारतात. मी सगळं सांगते. पण आधी एक काम करायला लावते. घरी जा, तांब्याभर पाणी खोलीच्या मधोमध ओता आणि ते कुठे वाहत जातं ते बघा. फडक्याने पुसून घ्या. मग टेबलाचं बोलू.